गोरे पाद्री दिसेनासे झाले, मग मिशनरी काम चालतं कसं?

तुमचा प्रश्न असा : झग्यातला परदेशी पाद्री आता कुठे दिसत नाही, तरी इव्हँजेलिकल मिशन जगभर पसरतंय असं ऐकू येतं, मग हे काम करतं कोण आणि कसं?

आधी एक गल्लत दूर करतो. झगा बहुधा कॅथोलिक फादरांचा. इव्हँजेलिकल म्हणजे बायबलचा शब्द अखेरचा मानणारे आणि प्रत्येकानं स्वतः निर्णय घेऊन येशूवर विश्वास ठेवावा असं सांगणारे प्रोटेस्टंट. त्यांचा परदेशी माणूस दिसत नाही, कारण त्याची गरजच पडू नये अशा बेतानं गेली सत्तरेक वर्षं पद्धती बदलत गेल्या आहेत.

जुनी पद्धत महाराष्ट्रानं जवळून पाहिली आहे. अमेरिकन मराठी मिशन १८१३ मध्ये मुंबईत आणि १८३१ मध्ये अहमदनगरला आलं. एका कुंपणात बंगला, शाळा, दवाखाना, चर्च. बाप्तिस्मा घेणाऱ्याला घर आणि जात दोन्ही बाहेर काढत. मग तो कंपाउंडात राहायला येई आणि मिशनचाच शिक्षक, उपदेशक नाहीतर आचारी होई. म्हणजे धर्म आणि पगार एकाच हातून. दुष्काळात माणसं वाढत, मिशनचा निधी आटला की काम थांबे. हा दोष मिशनच्या लोकांनाही दिसत होता. हे मिशन चालवणाऱ्या अमेरिकन बोर्ड या संस्थेचे सचिव रूफस अँडरसन १८५४-५५ मध्ये स्वतः मुंबई-नगरला आले आणि इंग्रजी शाळांवरचा भर कमी करा, मराठीत काम करा, देशी पाळक नेमा असं बजावून गेले. मंडळीनं, म्हणजे स्थानिक चर्चनं, स्वतःचा खर्च, कारभार आणि प्रसार स्वतः करावा, हे त्यांचं सूत्र. १८९० मध्ये चीनमधले मिशनरी जॉन नेव्हियस यांनी कोरियात तरुण मिशनऱ्यांना हेच शिकवलं : नवा विश्वासी आपल्या धंद्यातच राहू दे, चर्च गावाच्या पैशानं बांधू दे. कोरियानं ते मनावर घेतलं. पुढे तोच देश जगात सर्वाधिक मिशनरी पाठवणाऱ्या देशांत जाऊन बसला.

दुसरं मोठं वळण तर थेट आपल्या जातव्यवस्थेतून निघालं, आणि हे फार कमी लोकांना ठाऊक असतं. मिशनरी डोनाल्ड मॅकगॅव्हरन यांचा जन्म १८९७ चा, मध्य प्रदेशातल्या दमोहचा. छत्तीसगडकडे काम करताना त्यांनी पाहिलं की एकटा माणूस ख्रिस्ती झाला की जातीतून तुटतो आणि काम तिथेच संपतं. पण नात्यागोत्यातली माणसं मिळून ठरवतात तिथे ते आपोआप पुढे जातं. १९५५ मध्ये त्यांनी हे पुस्तकरूपानं मांडलं. १९७४ मध्ये स्वित्झर्लंडमधल्या लोझानला भरलेल्या इव्हँजेलिकलांच्या जागतिक परिषदेत मिशन-अभ्यासक राल्फ विंटर यांनी त्याला धार आणली : देश मोजू नका, समाजगट मोजा. आज मिशनच्या याद्यांत ‘भारत’ ही एक ओळ नसते, शेकडो जाती-जमातींच्या वेगळ्या ओळी असतात. अशी यादी ठेवणाऱ्या जोशुआ प्रोजेक्ट या संस्थेकडे एखादा गट ‘अस्पर्शित’, म्हणजे संदेश न पोचलेला, ठरतो तो इव्हँजेलिकल २ टक्क्यांपर्यंत आणि एकूण ख्रिस्ती ५ टक्क्यांपर्यंत असतील तर. हे आकडे निसर्गनियम नव्हेत, सोयीसाठी आखलेल्या रेषा आहेत. आणि या पद्धतीचं दुखणं उघड आहे : जातीजातीनं मंडळ्या उभ्या केल्या की जात मोडत नाही, उलट तिला चर्चचं छप्पर मिळतं. मला हा आक्षेप आजही अनुत्तरित वाटतो.

आता प्रत्यक्ष कामाकडे. ज्याला वाचता येत नाही त्याला पुस्तक देऊन काय करणार, हा प्रश्न जुनाच. जॉय रिडरहॉफ यांनी १९३९ मध्ये लॉस एंजेलिसला संदेश रेकॉर्ड करायला सुरुवात केली, आधी स्पॅनिशमध्ये, मग छोट्या बोलींमध्ये. पुढे त्यांच्या संस्थेनं घडीच्या पुठ्ठ्याचा रेकॉर्ड प्लेअर काढला : सुई पुठ्ठ्यात बसवलेली, तबकडी बोटानं किंवा पेन्सिलीनं फिरवायची, वीज नको. आज तीच जागा सौरऊर्जेवरच्या प्लेअरनं आणि मोबाइलमधल्या मेमरी कार्डानं घेतली आहे.

पण सांगायचं काय आणि कुठून? न्यू गिनीतल्या सावी लोकांमध्ये १९६० च्या दशकात डॉन रिचर्डसन यांनी येशूची गोष्ट सांगितली, तर ऐकणाऱ्यांना येशूला दगा देणारा शिष्य यहूदा हाच नायक वाटला. मैत्री वाढवून दगा देणं त्यांच्याकडे कौतुकाचं होतं. फिलिपाइन्समधल्या पलावान बेटावर ट्रेव्हर मॅकिलवेन यांना वेगळी अडचण आली : लोक स्वतःला ख्रिस्ती म्हणत, पण येशू क्रूसावर का मेला हे कुणाला सांगता येईना. त्यांनी मग सृष्टीपासून सुरुवात करून क्रमानं गोष्टी सांगायची रीत बसवली. आज साधारण वीस-तीस गोष्टींचा संच करतात. कुठल्या घ्यायच्या हे त्या समाजाच्या चालीरीती पाहून ठरतं; पूर्वजांची पूजा असेल तर एक निवड, भुताखेतांची भीती असेल तर दुसरी. गोष्ट सांगताना मध्ये अर्थ सांगायचा नाही. आधी पूर्ण गोष्ट, मग ऐकणाऱ्यानं ती परत सांगायची, मग प्रश्न. परत सांगण्यात काय गळलं आणि काय नवं शिरलं यावरून समजूत कळते.

भाषांतरात सगळ्यात मोठी उलथापालथ झाली आहे. पूर्वी बाहेरचा भाषातज्ज्ञ कुटुंबासह गावात राही, भाषा शिके, लिपी बसवी आणि मग मजकुराला हात घाली. एका नव्या करारात, म्हणजे बायबलच्या येशूपासूनच्या भागात, दहा-वीस वर्षं सहज जात. आता मसुदा तिथलेच लोक करतात. २०१४ पासून वापरात असलेल्या एका झटपट पद्धतीत आठ पायऱ्या आहेत : उतारा वाचून घ्यायचा, जोडीदाराला तोंडी सांगायचा, त्याचे तुकडे पाडायचे, मूळ मजकूर मिटवून आठवणीतून लिहायचं, स्वतः तपासायचं, दुसऱ्यानं तपासायचं, कळीचे शब्द जुळवायचे आणि शेवटी एकेक वचन पडताळायचं. मजकूर मिटवण्याचं कारण असं की समोर हिंदी किंवा इंग्रजी वाक्य असलं की लिहिणारा त्याचीच रचना उचलतो. माणसं पुरेशी असतील तर नवा करार काही आठवड्यांत-महिन्यांत उभा राहतो. वेग डोळे दिपवणारा आहे, आणि टीकाही त्यावरच आहे : ज्या भाषेतून केलं तिच्या चुका जशाच्या तशा उतरतात, कारण गटात ग्रीक-हिब्रू जाणणारं बहुधा कुणी नसतं.

तोंडी भाषांतरात तर कागदच नसतो. उतारा अनेकदा ऐकायचा, त्यावर बोलायचं, करून दाखवायचा, मग ऐकणं बंद करून आपल्या बोलीत सांगून रेकॉर्ड करायचा. तपासणी दोन टप्प्यांत. पहिला गावात. ‘समजलं का?’ असं विचारायचं नाही, सगळे हो म्हणतात. ‘तो का रागावला? मग कोण गेलं?’ असं विचारायचं. दुसरा टप्पा उलट भाषांतराचा : ज्यानं मसुदा पाहिलेला नाही अशा माणसानं तो हिंदीत किंवा इंग्रजीत परत सांगायचा, म्हणजे ती बोली न येणाऱ्या सल्लागाराला चूक पकडता येते. इथेच लबाडी होते. माणूस मिळत नाही म्हणून मसुदा करणाराच उलट भाषांतर करतो. तो मसुद्यात जे आहे ते न सांगता त्याला जे म्हणायचं होतं ते सांगतो आणि सगळं बरोबर दिसतं. दुसरी अडचण आवाजाची. लेखी मजकुरात शब्द खोडता येतो, रेकॉर्डिंगमध्ये पूर्ण तुकडा त्याच आवाजात पुन्हा घ्यावा लागतो. तो माणूस ऊसतोडीला किंवा बांधकामावर निघून गेला की काम अडलं. खुणांच्या भाषेत हेच व्हिडिओवर होतं. अमेरिकन खुणांच्या भाषेतलं पूर्ण बायबल २०२० मध्ये तयार झालं.

घरगुती गट ही आजची मुख्य पद्धत. तिचं एक मूळ १९९० च्या दशकात उत्तर भारताच्या भोजपुरी पट्ट्यात मिशनरी डेव्हिड वॉटसन यांच्या कामात आहे. बाहेरचा माणूस सभा घेत नाही. गावात ज्याचं घर उघडं आहे आणि ज्याचा शब्द चार लोक ऐकतात असं एक कुटुंब शोधतो. बैठकीत ठरलेले प्रश्न : या आठवड्यात कशाबद्दल आभार मानाल? काय अडचण आहे? मागच्या वेळी ठरवलं ते केलं का? मग उतारा वाचायचा किंवा ऐकायचा, कुणीतरी तो परत सांगायचा. यातून देवाबद्दल काय कळलं, माणसाबद्दल काय कळलं, मी आता काय करणार, आणि हे कुणाला सांगणार? प्रश्न घरातल्याच कुणीतरी विचारायचे. कुणी भलतंच बोललं तर चूक दाखवायची नाही, ‘हे या उताऱ्यात कुठे आहे?’ एवढंच विचारायचं. बाहेरच्यानं उत्तरं द्यायला सुरुवात केली की तो गुरुजी होतो आणि तो गेला की गट संपतो. पैसे वाटले तर त्याहून लवकर संपतो. ‘कुणाला सांगणार’ हा प्रश्न संकोचानं गाळला तर गट टिकतो, पण तिथल्या तिथे गोल फिरत राहतो.

ऑनलाइन कामाची रीत कुठल्याही विक्री विभागासारखी आहे : जाहिरात, चॅट, गाळणी, मग जवळच्या माणसाकडे सोपवणं. शेवटच्या पायरीवर दोन-तीन दिवस गेले की समोरचा गप्प होतो. बंदी असलेल्या देशांत नावं-पत्ते साठवणं हाच मोठा धोका आहे.

पाठवणारेही बदलले. कोरिया, ब्राझील, नायजेरिया आज मिशनरी पाठवतात, आणि तमिळनाडूतल्या संस्था डांगच्या जंगलापर्यंत माणसं पाठवतात. २००७ मध्ये अफगाणिस्तानात २३ कोरियन ओलीस धरले गेले, दोघे मारले गेले. त्यानंतर चर्चच्या अल्पमुदतीच्या दौऱ्यांवर कोरियातच जोरदार टीका झाली. भारतात पर्यटक व्हिसावर धर्मप्रचार चालत नाही. परदेशी देणग्यांवरच्या कायद्यात (एफसीआरए) २०२० मध्ये झालेल्या दुरुस्तीनं परदेशी निधी दुसऱ्या संस्थेला देण्यावर बंदी आली, प्रशासकीय खर्चाची मर्यादा ५० वरून २० टक्क्यांवर उतरली आणि असा निधी फक्त स्टेट बँकेच्या नवी दिल्ली मुख्य शाखेतल्या खात्यातच घेता येतो. मोठ्या संस्थेनं पैसा आणायचा आणि खेड्यातल्या छोट्या संस्थांना वाटायचा, ही साखळी त्यानं तुटली. बिनपगारी घरगुती गटांचं महत्त्व वाढण्यात या कायद्याचा वाटा मोठा आहे, असं माझं मत.

‘अमुक भागात लाखो लोक ख्रिस्ती झाले’ असा दावा समोर आला, मग तो मिशनच्या पत्रकात असो की विरोधकांच्या भाषणात, तर आधी विचारा : मोजलं काय? बैठकीला आलेले, हात वर केलेले, बाप्तिस्मा घेतलेले, की दोन वर्षांनीही गटात असलेले? मग विचारा : मोजलं कुणी? गटातून गट निघतात तेव्हा आकडा तोंडी चार-पाच जणांकडून वर जातो, एकाच घराची नोंद दोन संस्था करतात आणि बंद पडलेला गट सहसा कुणी वजा करत नाही. भोजपुरी पट्ट्यातल्या आकड्यांवरूनही अशीच भांडणं झाली आहेत.