'ब्लेट' या इंग्रजी शब्दाचा नेमका अर्थ काय? 'राइप'पेक्षा तो वेगळा कसा?

'राइप' म्हणजे साधं पिकणं. 'ब्लेट' त्याच्या पुढची पायरी: फळ पिकून सडायला टेकलंय असं वाटावं इतकं मऊ होणं, आणि तेव्हाच ते खाण्याजोगं होणं.

हा शब्द इंग्रजीत आणला जॉन लिंडली या वनस्पतिशास्त्रज्ञाने, 1830च्या दशकात. अति पिकून मऊ पडलेल्या पेअरला फ्रेंच लोक 'ब्लेत' म्हणत, त्यावरून त्याने तो घेतला.

खरं उदाहरण मेडलरचं. हे सफरचंदाच्या कुळातलं छोटं, तपकिरी फळ. इंग्लंडमध्ये ते शरद ऋतूच्या अखेरीस काढतात, तेव्हा ते टणक आणि इतकं तुरट असतं की तोंड आवळतं. मग थंड जागी पेंढ्यावर, देठ वर करून, एकमेकांना न चिकटता ठेवतात. काही आठवड्यांत साल सुरकुतते, पांढरा गर तपकिरी आणि लगद्यासारखा होतो, टॅनिन कमी होऊन तुरटपणा जातो. आपल्याकडे आढीत आंबा पिकवतात तसंच दिसतं खरं, पण इतका मऊ पडलेला आंबा आपण फेकून देऊ!

मला यात सगळ्यात आवडतं ते हे, की शब्द नवा असला तरी कल्पना फार जुनी आहे. चौदाव्या शतकात इंग्रज कवी चॉसरच्या 'कँटरबरी टेल्स' या कथाकाव्यात म्हातारा रीव्ह, म्हणजे जमीनदाराचा कारभारी, स्वतःला मेडलरचीच उपमा देतो: सडल्याशिवाय आम्ही पिकत नाही.

आज हा शब्द मुख्यतः बागकामाच्या आणि स्वयंपाकाच्या लिखाणातच भेटतो.