गॅस बंद आहे का?

"मॅडम, 'गॅस बंद आहे' एवढं सांगायला माझं काय जातंय?"

मंगळवार पेठेतल्या एका नवऱ्याचा हा पहिल्याच भेटीतला प्रश्न. (ओळख पटू नये म्हणून तपशील बदललेत.) त्यानं मोबाईल पुढं केला. गॅलरीत दोनशेच्या वर फोटो, सगळे एकाच शेगडीचे. बायको राजारामपुरीत कापडाच्या दुकानात कामाला. घरातून निघाली की जिन्यातून तीनदा माघारी, मग दुकानातून फोन. याची शिरोलीच्या फाउंड्रीत दुसरी पाळी, सकाळी घरीच. म्हणून हा फोटो काढून पाठवणार.

तिच्या डोळ्यांपुढं एकच चित्र : सासूबाई दुपारी झोपल्यात आणि गॅस गळतोय. हे जरा अतीच होतंय, हे तिलाही कळत होतं. मंत्रचळात, म्हणजे तीच शंका पुन्हा पुन्हा छळणाऱ्या ओसीडी या आजारात, कळून उपयोग नसतो. फोटो पाहिला की जीव भांड्यात पडायचा, पण दहाच मिनिटं. 'फोटोनंतर कुणी बटण फिरवलं असलं तर?' दिलासा जेवढा लवकर, तेवढा पुढचा प्रश्नही लवकर. आणि फोटोमुळंच आज अनर्थ टळला, हे मनात आणखी घट्ट बसतं.

एवढं ऐकून गडी घरी गेला आणि म्हणाला, "आजपासून विचारायचं नाही!" त्या रात्री घरात चूल पेटली नाही. चूक माझी. तिला समोर न बसवता मी हे त्याला सांगायलाच नको होतं.

पुढच्या वेळी दोघं आले. कमी भीतीपासून जास्तीकडं जाणारी यादी तिनंच लिहिली. पहिली पायरी, जिन्यातून एकदाच माघारी यायचं. फोन आला तर त्यानं काय बोलायचं, तेही तिनंच ठरवलं : "उत्तर देणार नाही, पण फोनवर थांबतो." या उपचाराला ईआरपी म्हणतात. भीतीला सामोरं जायचं, खात्री करून घ्यायची नाही.

महिन्याभरानं एका रविवारी गॅस एकदाच बघून दोघं रंकाळ्यावर गेले. भीती दहापैकी नऊ. तिनं दोनदा विचारलं, तो गप्प. "लई चिडली होती," तो म्हणाला. पाऊण तासानं आकडा पाचावर आला आणि तिनं भेळ मागितली.

तिला मानसोपचारतज्ज्ञांच्या गोळ्याही चालू होत्या. तिसऱ्याच आठवड्यात यानं "लागू पडत नाहीत" म्हणून बंद करायला काढल्या होत्या. ओसीडीत त्यांचा गुण यायला बऱ्याचदा ८ ते १२ आठवडे लागतात, आणि बंद करायचं ते डॉक्टरांना विचारूनच. रात्री-अपरात्री घालमेल वाढली तर टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा मोफत नंबरही दोघांना लिहून दिला.

आता फोटो थांबलेत. पण परवा कळलं, ती दुकानातून सासूबाईंना फोन करते आणि त्या गुडघे धरत उठून सांगतात, "बघितलंय गं बाई, बंद हाय." गुरुवारी सासूबाईंना बोलावलंय.