नर्सला पॅथोफिजिओलॉजी (आजारात शरीराच्या आत काय बिघडतं त्याचा अभ्यास) एवढ्या खोलात शिकायची खरंच गरज असते का?

पेपर तीन आठवड्यांवर आलाय, आजार संपता संपत नाहीत, मग प्रत्येकाची लक्षणं पाठ करून भागेल का, असं तुम्ही विचारलंय. खाली एक ओळ जोडलीय, 'शेवटी ऑर्डर डॉक्टरच देणार ना.' अभ्यासाचं सांगते, पण ही ओळ नोकरीच्या पहिल्या वर्षी मी दुसऱ्याच्या तोंडून ऐकलीय. त्यामुळे आधी ती रात्र.

सर्जिकल वॉर्ड, साठीचे गृहस्थ, वजन 60 किलो, त्याच दिवशी आतड्याचं ऑपरेशन झालेलं. बीपीचा जुना त्रास, मेटोप्रोलॉल चालू, सकाळचा डोसही दिलेला. रात्री 12 वाजता बीपी 128/84, पल्स 76, श्वास 16. दोन वाजता 118/88, 78, 20. चार वाजता 112/92, 80, 26. ड्रेन, म्हणजे पोटात साठलेलं रक्त-पाणी बाहेर काढणारी नळी, कोरडा. लघवी तासाला 40 मिलीवरून 25 वर आणि मग 10 वर आलेली. मधल्या वेळात त्यांनी दोनदा पाणी मागितलं, पाय गार पडलेत म्हणाले, मी जास्तीचं ब्लँकेट घातलं. सारखी कूस बदलत होते. मी चार्टवर लिहिलं, 'रुग्ण स्थिर.'

शॉकची, म्हणजे अवयवांना रक्त पुरेनासं होण्याची, लक्षणं मला तोंडपाठ होती: बीपी कमी, नाडी जलद, त्वचा गार, लघवी कमी. पहिली दोन जुळली नाहीत म्हणून पुढच्या दोघांचा मी विचारच केला नाही. पाच वाजता बीपी 80 च्या खाली गेलं आणि ते हाकेला नीट ओ देईनात. परत थिएटरमध्ये नेलं तेव्हा पोटात रक्त साठलेलं होतं, ड्रेन गुठळीने तुंबलेला. ते वाचले, पण कितीतरी दिवस आयसीयूत होते.

सकाळी मी विचारलं, एवढं रक्त जात होतं तर पल्स का वाढली नाही? डॉक्टर म्हणाले, 'सिस्टर, ते तुम्हाला कळून काय करायचंय? बीपी 90 च्या खाली गेलं की फोन करा, ऑर्डर आम्ही देतो.' शेजारी उभ्या असलेल्या इन्चार्ज सिस्टरनी मान डोलावली. डॉक्टरांच्या बोलण्यापेक्षा ती मान मला जास्त लागली.

उत्तर मी नंतर स्वतः वाचून काढलं. रक्त कमी झालं की हृदयाच्या प्रत्येक ठोक्याला बाहेर पडणारं रक्त कमी होतं. मानेतल्या आणि महाधमनीतल्या दाब ओळखणाऱ्या जागा ते लगेच टिपतात आणि सिम्पथेटिक यंत्रणा (संकटात शरीराला सज्ज करणाऱ्या नसांचं जाळं) कामाला लागते. ती हृदयाला जोरात पळवते आणि त्वचा, आतडी, मूत्रपिंडं यांच्याकडच्या धमन्या आवळते, म्हणजे उरलेलं रक्त मेंदू आणि हृदयाला मिळावं. धमन्या आवळल्या की खालचं बीपी चढतं, ठोका लहान झाला की वरचं उतरतं. माझ्या चार्टवर दोन्हींतलं अंतर 44 वरून 30 आणि मग 20 वर आलं होतं. तिन्ही आकडे माझ्याच अक्षरात होते. मूत्रपिंड पाणी धरून ठेवतं म्हणून लघवी घटते, आणि रक्त कमी झाल्याने तहान लागते. पेशींना ऑक्सिजन पुरेना की लॅक्टिक आम्ल साठतं आणि ते आम्ल कमी करायला श्वास वाढतो. पल्स मात्र वाढली नाही, कारण मेटोप्रोलॉलने हृदयावरचे बीटा रिसेप्टर, म्हणजे 'जोरात पळ' हा निरोप घेणाऱ्या जागा, अडवलेले होते. धमन्या आवळणारे अल्फा रिसेप्टर मोकळेच होते, म्हणून पाय गार पडले. त्या माणसाचं शरीर चार तास ओरडून सांगत होतं आणि मी त्याच्या अंगावर ब्लँकेट घातलं.

आता त्या डॉक्टरांचं 90 घ्या. धडधाकट प्रौढाचं रक्त 30 टक्क्यांच्या आसपास जाईपर्यंत बीपी टिकू शकतं. म्हणजे 90 ची वाट पाहायची तर शरीराचे सगळे उपाय थकेपर्यंत वाट पाहायची. आणि तोवर रुग्णाजवळ कोण असतं? ऑर्डर देणारा नसतो. नर्सला कारण कळायची गरज नाही असं म्हणणारा माणूस, डॉक्टर असो, ट्यूटर असो की इन्चार्ज, चुकीचं बोलतो. हे मी तेव्हा तोंडावर म्हणू शकले नाही, आज म्हणते.

तर अभ्यास. यादी बाजूला ठेवा आणि आजार घ्यायच्या आधी त्या अवयवाचं रोजचं काम स्वतःच्या शब्दांत लिहा. मग कुठली कडी तुटली, ती तुटल्यावर शरीर काय करून निभावतं आणि त्या निभावण्याची किंमत कुठे मोजावी लागते, हे शोधा. बहुतेक लक्षणं या शेवटच्या दोन प्रश्नांत सापडतात. हार्ट फेल्युअर बघा. हृदय कमजोर झालं की मूत्रपिंडाकडे रक्त कमी येतं. ते रक्तस्रावामुळे कमी झालंय की पंप दमल्यामुळे, हे मूत्रपिंडाला ओळखता येत नाही. ते रेनिन नावाचं रसायन सोडतं आणि त्यातून शरीर मीठ-पाणी धरून ठेवतं. माझ्या रुग्णाला ज्या उपायाने तग धरायला मदत केली, तोच इथे पायांवर सूज आणि फुप्फुसात पाणी आणतो. ही एक साखळी कळली की शॉक आणि हार्ट फेल्युअर हे दोन धडे वेगळे पाठ करावे लागत नाहीत, आणि सिरॉसिसमधल्या (यकृत कडक होण्याच्या आजारातल्या) जलोदराचाही, म्हणजे पोटात पाणी होण्याचाही, बराच भाग त्यातच उलगडतो.

डायबेटिक कीटोअॅसिडोसिसमधलं (मधुमेहात इन्सुलिनअभावी रक्तात आम्ल साठतं त्या अवस्थेतलं) पोटॅशियमही असंच समजून घ्या. इन्सुलिन नसल्याने ते पेशींतून रक्तात येतं आणि लघवीवाटे वाहून जातं, त्यामुळे शरीरात तुटवडा असतानाही रिपोर्ट नॉर्मल किंवा जास्त दिसतो. इन्सुलिन सुरू केलं की ते परत पेशींत शिरतं, रक्तातलं झपाट्याने उतरतं आणि हृदयाची लय बिघडू शकते. रिपोर्टमध्येच ते कमी असेल तर इन्सुलिन थांबवून आधी पोटॅशियम देतात. इन्फ्युजन तुमच्या हाताने सुरू होणार आहे, म्हणून हे तुम्हालाच माहीत हवं.

पेपरापुरतं विचाराल तर व्याख्या आणि वर्गीकरणं पाठ करावीच लागतील, त्याला इलाज नाही. तीन आठवड्यांत सगळं होणार नाही. शॉक, हृदय, मूत्रपिंड आणि आम्ल-अल्कली संतुलन नीट करा, बाकीचं वरवर चालेल.

काही गोष्टी राहिल्या. गार पाय सगळ्या शॉकमध्ये नसतात, सेप्सिसमध्ये (जंतुसंसर्गाने सगळं शरीर बिघडतं तेव्हा) सुरुवातीला हातपाय गरमही असतात. लहान मुलांचं बीपी मोठ्यांपेक्षाही उशिरा पडतं आणि मग एकदम कोसळतं. कारण कळलं म्हणून स्वतःहून औषधाचा डोस बदलायचा नाही. कळवायचं, वेळ लिहायची, ऐकलं नाही तर वरच्या डॉक्टरांना कळवायचं. आणि पल्स नॉर्मल आहे असं लिहिण्याआधी औषधांच्या तक्त्यात मेटोप्रोलॉलसारखा बीटा ब्लॉकर आहे का ते बघा.