करंट देऊन बाबांची दारू सुटेल, विसरभोळेपणा जाईल?

ताई, तुमचा प्रश्न दोनदा वाचला. बाबा ६८ वर्षांचे, तीस वर्षं रोजची एक क्वार्टर, वर्षभरात विसरभोळेपणा वाढलेला. आणि एका क्लिनिकने 'डोक्याला हलका करंट दिला की दारूही सुटते आणि स्मरणशक्तीही सुधारते' म्हणून वीस सिटिंगचं पॅकेज गळ्यात मारायला घेतलंय. मी निवृत्त होईपर्यंत व्यसनमुक्ती वॉर्डात मानसशास्त्रज्ञ म्हणून अशाच मंडळींच्या स्मृतिचाचण्या घेत होते, म्हणून जरा लांबण लावते. आत्ता पैसे भरू नका.

क्लिनिकवाले सगळंच हवेतलं बोलतायत असं नाही. दोन वेगळ्या संशोधनांची गाठ मारून ते तुम्हाला एकच माल विकतायत.

स्मरणशक्तीचं जे संशोधन ते दाखवत असतील ते बहुधा बॉस्टन विद्यापीठाचं, २०२२ सालचं. ६५ ते ८८ वयाच्या लोकांना सलग चार दिवस, रोज २० मिनिटं, ठरावीक लयीतला सौम्य प्रवाह दिला आणि त्याच वेळी शब्दांच्या याद्या पाठ करायला लावल्या. फरक महिनाभर टिकला. काम चांगलं आहे, पण ती माणसं धडधाकट होती. आणि वीस शब्दांच्या यादीतले चार जास्त आठवणं वेगळं, गॅस बंद केला का हे आठवणं वेगळं.

दारूचं संशोधन आपल्याकडेही झालंय. रांचीच्या सेंट्रल इन्स्टिट्यूट ऑफ सायकिअ‍ॅट्रीमध्ये ४५ रुग्णांवर चुंबकीय लहरींचा (हे करंटपेक्षा वेगळं मशीन, डोक्याजवळ चुंबक धरून मेंदूला चेतवतात) प्रयोग झाला, २०१० मध्ये छापून आला. कपाळाच्या उजव्या बाजूला दहा सिटिंग. ज्यांना खोटं मशीन लावलं त्यांच्यापेक्षा खऱ्या मशीनवाल्यांची तलफ जास्त उतरली. मला मात्र ब्राझीलची गोष्ट जास्त बोलकी वाटते. तिथल्या एका गटाने २०१३ मध्ये आठवड्याला एक अशी पाच आठवडे करंटची सिटिंग दिली. तलफ कमी झाली, मूड सुधारला, आणि तरीही पुन्हा पिणाऱ्यांचं प्रमाण करंट घेतलेल्यांत जास्त दिसलं! पुढच्याच वर्षी त्याच मंडळींनी इलेक्ट्रोडची जागा बदलली, पाच दिवसांत दहा सिटिंग दिली, तर सहा महिन्यांनी खऱ्या करंटवाल्यांत निम्मे कोरडे आणि खोट्यावाल्यांत १७ पैकी दोनच. म्हणजे पट्टी कुठे लावली आणि कितीदा, एवढ्यावरून निकाल उलटतो. तुमच्या क्लिनिकची वीस सिटिंग यातल्या कुठल्या हिशोबाने ठरली, विचारा एकदा. अमेरिकेत औषधं-उपकरणांना परवानगी देणाऱ्या एफडीएने चुंबकीय उपचाराला नैराश्यासाठी २००८ मध्ये परवानगी दिली, सिगरेट सोडण्यासाठी २०२० मध्ये. त्या यादीत दारू नाही, विसरभोळेपणाही नाही.

आता बाबांकडे येऊ. क्वार्टर म्हणजे १८० मिली, त्यात साधारण ६० ग्रॅम शुद्ध अल्कोहोल. डिमेन्शियाच्या (स्मृतिभ्रंशाच्या) अभ्यासात 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकाच्या आयोगाने २०२० मध्ये धोक्याची रेषा आठवड्याला २१ ब्रिटिश युनिट, म्हणजे १६८ ग्रॅम धरली. बाबा त्याच्या अडीचपट आहेत. त्यात या वयात अंगातलं पाणी कमी होतं, म्हणून तेवढीच दारू रक्तात जास्त चढते.

करंटच्या आधी बी-वन जीवनसत्त्व बघायचं, म्हणजे थायामिन. त्याचा शरीरातला साठा दोन-तीन आठवड्यांत संपतो, आणि पिणारा माणूस जेवणावर तसाही पाणी सोडतो. ते संपलं की आठवणींचं काय होतं ते सांगते. आमच्याकडे एक काका होते. रोज मला सांगायचे, 'मॅडम, सकाळीच मंडईत जाऊन आलो, मेथी महाग झालीय.' आठवडाभर कॉटवरून उठले नव्हते. खोटं बोलत नव्हते हो, आठवणीतली भोकं मेंदू आपोआप बुजवत होता. कोर्साकॉफ नावाच्या रशियन डॉक्टरांनी हे १८८७ मध्येच लिहून ठेवलंय. वेळेत थायामिनची इंजेक्शनं मिळाली तर तिथवर जायची पाळी टळू शकते. एक ध्यानात ठेवा: अशक्तपणा आला म्हणून कुणी ग्लुकोजची सलाइन लावायला निघालं, तर आधी थायामिन द्या म्हणायचं.

दारू एकदम बंद करायला लावू नका. रोज पिणाऱ्याला शेवटच्या पेगनंतर सहा ते अठ्ठेचाळीस तासांत फिट येऊ शकते. चुंबकीय मशीननेही क्वचित फिट येते, आणि दारू नुकती सुटत असताना ती भीती वाढते. क्लिनिकने 'शेवटचा पेग कधी घेतला' हे विचारलं होतं का? नसेल विचारलं, तर मला पुढचं काही ऐकायचं नाही. सोडायची ती दाखल होऊन किंवा डॉक्टरांच्या देखरेखीखाली, औषधांच्या आधाराने. (आणि डाळीत गुपचूप मिसळायची पावडर कुणी सुचवली तर तिला हात लावू नका. ती बहुधा डायसल्फिराम असते. त्यावर दारू गेली की बीपी कोसळतं, आणि ६८ वर्षांच्या हृदयावर हा प्रयोग कशाला?)

स्मरणशक्तीची चाचणी पिणं चालू असताना घेऊन काही कळत नाही. मी दारू थांबल्यावर बाराव्या-पंधराव्या दिवशी एक घ्यायचे आणि तीन महिन्यांनी दुसरी. त्यात घड्याळ काढायला सांगतात, अकरा वाजून दहा मिनिटं झालेलं. पहिल्या कागदावर बऱ्याच जणांचे काटे अकरा आणि दहावर जातात, कुणाचे आकडे वर्तुळाबाहेर सांडतात. तीन महिने कोरडे राहिलेल्या कित्येकांचा मोठा काटा नीट दोनवर आलेला मी पाहिलाय, कुठल्याही मशीनशिवाय. सगळ्यांचा येत नाही, हेही खरं. तीन महिन्यांनीही आला नाही तर करंटबद्दल बोलू, तेही एखाद्या मोठ्या रुग्णालयात रीतसर संशोधन चालू असेल तिथे. तिथे रुग्णाकडून पॅकेजचे पैसे मागत नाहीत.

एक मात्र तुमच्या प्रश्नात कुठेच नव्हतं. गेल्या दोन-तीन महिन्यांत बाबा पडले होते का? बाथरूममध्ये घसरले, टेंगूळ आलं, बर्फ लावला आणि विषय संपला, असं काही? या वयात आणि इतक्या दारूनंतर मेंदू आक्रसलेला असतो. बारीक शीर फुटून कवटीच्या आत रक्त आठवडेच्या आठवडे साठत जातं आणि वरून दिसतो तो नुसता विसरभोळेपणा. घरात सगळ्यांना विचारा, आणि पडले असतील तर बाकी सगळं बाजूला ठेवून आजच सीटी स्कॅन करून घ्या. काय निघतंय ते इथेच कळवा.