मसीहा म्हणजे तेल माखलेला

दाभोळच्या एका वाचकाने विचारलंय : ‘मसीहा म्हणजे तारणारा ना? मग ख्रिस्ती लोक येशूला मसीहा म्हणताना राजा का म्हणतात?’

मसीहा म्हणजे तारणारा नव्हे. निवडणूक आली की बंदरावर ‘मच्छीमारांचा मसीहा’ असे फलक लागतात आणि ते वाचून माझं डोकं फिरतं. हा अर्थ उर्दू शायरीतून, हिंदी सिनेमातून आपल्याकडे आला. कोशवालेही ‘उद्धारक’ एवढंच लिहून मोकळे होतात.

मूळ हिब्रू शब्द ‘माशीआख’. त्यातला धातू माखण्याचा, चोपडण्याचा. (‘माखणे’शी उच्चार जुळतो, पण तो निव्वळ योगायोग. आपलं माखणे संस्कृत म्रक्ष् वरून आलं.) बायबलच्या निर्गम या पुस्तकात तेल चोपडलेल्या बेखमीर पापड्या आहेत, तिथेही हाच धातू. घावन घालण्याआधी आई नारळाची शेंडी तेलात बुडवून बिडाच्या तव्यावर फिरवते ना, तीच क्रिया! ग्रीक भाषेत ‘माशीआख’चं भाषांतर ‘ख्रिस्तोस’ झालं, तेही ‘माखणे’ या क्रियापदापासूनच. ‘ख्रिस्त म्हणजे कृष्ण’ असं छातीठोकपणे सांगणाऱ्यांनी एवढं तरी वाचावं. कृष्ण म्हणजे काळा. त्याचा तेलाशी काय संबंध?

मराठी बायबलात यासाठी ‘अभिषिक्त’ शब्द आहे. मला तो पटत नाही. अभिषेक सिच् धातूचा, म्हणजे शिंपणं. तो शब्द ऐकला की डोळ्यांसमोर पिंडीवरची संततधार येते. इथे पाणी नाही, तेल आहे. आपल्याकडे त्यासाठी दिवाळीच्या पहाटेचा शब्द तयार आहे : अभ्यंग. अभि अधिक अञ्ज्, म्हणजे माखणं. तेव्हा माशीआख म्हणजे ‘अभ्यक्त’. तेल डोक्यावर ओतत हे खरं, पण शमुवेल संदेष्ट्याने शिंगातलं तेल लावून दाविदाला राजा नेमलं, तिथे हिब्रूने क्रियापद माखण्याचंच वापरलंय.

आणि हा हिब्रू वारसा ज्यांच्या घरात मराठी बोलत नांदला, ते अलिबागकडचे बेने इस्राएल, म्हणजे आपले मराठी यहुदी, धंद्याने कोण? तेली! शनिवारी घाणा बंद, म्हणून गावाने नाव ठेवलं ‘शनवार तेली’. ‘तेल माखलेल्या’ राजाची वाट पाहणारी माणसं कोकणात घाण्यावर तेल काढत होती, हे मला फार आवडतं. त्यांच्या श्रद्धेप्रमाणे तो राजा अजून यायचाय; ख्रिस्ती श्रद्धेप्रमाणे तो आलाय.

हां, राजाचं राहिलंच. इस्राएलात राजा व्हायचा तो तेलाने. शौल तसा झाला, दावीद तसाच. परका इराणी राजा कोरेश, त्यालाही यशया संदेष्ट्याने देवाचा ‘माशीआख’ म्हटलंय. याजकांनाही तेल लावत, पण लोकांना आस होती दाविदाच्या वंशातल्या राजाची. म्हणून ख्रिस्त म्हटलं की राजा आलाच.

तारण आहे ते ‘येशू’ या नावात. मूळ येशूआ, त्यात तारण्याचा धातू. बायबलात मत्तयाच्या शुभवर्तमानात लिहिलंय की त्याचं नाव येशू ठेव, कारण तो आपल्या लोकांना पापांपासून तारील. मराठीत ‘तारणारा’ किती नेमका बसतो बघा. तॄ म्हणजे पार जाणं. त्यातूनच तारू, त्यातूनच खाडीवरची तर. तुमच्या दाभोळहून धोपाव्याला फेरीबोट जाते, तिलाही जुनी माणसं ‘तर’च म्हणतील. तारणारा म्हणजे पैलतीरी नेऊन सोडणारा. ‘तारणहार’ कशाला हवा मग?

दोन्ही अर्थ एकत्र पाहायचे तर झावळ्यांचा रविवार, म्हणजे ईस्टरच्या आधीचा रविवार, बघा. येशू गाढवावर बसून यरुशलेमेत शिरला, जखऱ्या संदेष्ट्याने राजा जसा येईल म्हणून लिहिलं होतं तसा. लोकांनी राजा म्हणून त्याच्यापुढे झावळ्या धरल्या आणि ओरडले ‘होसान्ना’. म्हणजे काय? ‘तार ना!’ धातू ‘येशू’तलाच.