यंडुगुंडू म्हणजे काय, विचारलंस ना

चि. बाळास,
अनेक आशीर्वाद.

शनिवारी मंडळाच्या गणपतीहून परतताना गाडीत तू विचारलंस, "आई, यंडुगुंडू म्हणजे काय? काका तसं म्हणाले तेव्हा सगळे हसले, आणि माझी मैत्रीण नुसती ताटाकडे बघत बसली." घरी गेल्यावर सांगते म्हटलं आणि सांगितलं नाही. चार दिवस ते मला सलतंय, म्हणून लिहायला बसले.

त्या शब्दाला काहीच अर्थ नाही. कन्नड, तमिळ, तेलुगू, मल्याळम, सगळ्या आमच्या कानांना सारख्याच, हे दाखवायला मराठी माणसांनी काढलेला तो आवाज आहे. समोरचा बोलतो ती भाषाच नव्हे, डब्यात खडे वाजताहेत, असा त्याचा भाव. तुझ्या मैत्रिणीच्या घरी कन्नड बोलतात. तिला तो बरोबर कळला. आणि तासाभरापूर्वी त्याच हॉलमध्ये विठ्ठलाला 'कानडा' म्हणणारा ज्ञानेश्वरांचा अभंग झाला होता. काका टाळ वाजवत होते.

मी गप्प का बसले, तेही सांगते. मी बेळगावची. हा आवाज मी लहानपणी स्वतः काढलेला आहे.

१ नोव्हेंबर १९५६ ला भाषावार राज्यं झाली. तोवर मुंबई राज्यात असलेलं आमचं बेळगाव म्हैसूर राज्यात, म्हणजे आजच्या कर्नाटकात गेलं. त्याच वर्षी १७ जानेवारीला निषेध करणाऱ्यांवर गोळीबार झाला होता. तो दिवस तिथे अजून हुतात्मा दिन म्हणून पाळतात. १ नोव्हेंबर म्हणजे कर्नाटकाचा राज्योत्सव आणि आमचा काळा दिवस. आजोबा दंडाला काळी फीत बांधून फेरीला जायचे.

त्यांचं दुःख खोटं नव्हतं. तुझ्याएवढी असताना मी त्यांच्याबरोबर एका सरकारी कचेरीत गेले होते. शेताचा उतारा मिळाला तो कन्नडमध्ये. यात काय लिहिलंय, असं त्यांनी मराठीत विचारलं. खिडकीतला माणूस मिनिटापूर्वी शेजारच्या टेबलाशी मराठीतच हसत बोलत होता. त्याने कागद परत सरकवला आणि म्हणाला, "कन्नडमध्ये विचारा." आजोबा गणिताचे मास्तर, सगळा गाव त्यांना वाकून नमस्कार करायचा. ते त्या कागदाची घडी घालत, उलगडत, पुन्हा घालत तिथेच उभे राहिले. त्यांची ती बोटं मी विसरलेले नाही.

आता दुसरी गोष्ट, ती सांगायला मला जड जातंय. बेळगावच्या शहापूर भागातल्या आमच्या घराला लागून एक कानडी कुटुंब राहायचं. त्यांच्या घरातल्या म्हातारीला सगळी गल्ली अज्जी म्हणायची. पुरणपोळी केली की तिच्या घरची होळिगे आमच्याकडे यायची, आमची तिच्याकडे जायची. मी शाळेतून आले की कट्ट्यावरून विचारायची, "ऊट आतेन?" जेवलीस का म्हणून. त्या कचेरीच्या प्रसंगानंतर काही दिवसांनी मी आणि दोन मुलांनी तिच्या दारासमोर उभं राहून यंडुगुंडू, यंडुगुंडू असा गजर केला. अज्जी बाहेर आली. ओरडली नाही. स्वच्छ मराठीत म्हणाली, "बाळ, मला मराठी येतं गं." एवढंच बोलून आत गेली.

त्या रात्री मला पहिल्यांदा जाणवलं की अज्जी आमच्याशी मराठी बोलते, भाजीवाल्याशी मराठी बोलते, आणि भिंतीला भिंत लागून इतकी वर्षं राहून आमच्या घरात कुणाला कन्नडचं एक धड वाक्य येत नाही. आजोबांनासुद्धा. आपण मामाला अण्णा म्हणतो, वरणभातावर तूप घेतो. हे शब्द कन्नडमध्येही आहेत, अण्णा आणि तुप्प. तरी आम्हाला ती भाषा परकी.

तू म्हणशील, मग चूक कर्नाटकाची की आपली? १९६६ साली महाराष्ट्राच्या आग्रहावरून हा सीमावाद सोडवायला महाजन आयोग नेमला गेला. त्यासाठी सेनापती बापटांनी उपोषण केलं होतं. १९६७ मध्ये अहवाल आला, त्यात बेळगाव कर्नाटकातच ठेवलं, म्हणून महाराष्ट्राने तो फेटाळला. कर्नाटक आजही त्यावरच बोट ठेवतं. त्याच अहवालात जत, अक्कलकोट, दक्षिण सोलापूरकडची कन्नड बोलणारी गावं कर्नाटकाला द्या, असंही होतं. महाराष्ट्र मागतो त्या, बेळगावसकट सीमाभागातल्या गावांचा आकडा आम्हाला तोंडपाठ होता, पण जतमधल्या माणसाला मराठी उतारा वाचता येतो का, हे आमच्या घरी कधी कुणी विचारलं नाही. आणि खाली केरळातल्या कासरगोडला कन्नड माणसं अल्पसंख्य आहेत. आमच्यावर मल्याळम लादू नका, असं ती म्हणतात, अगदी आजोबांच्या शब्दांत. बेळगावात मराठी पाट्यांना काळं फासणाऱ्यांना कासरगोडचं दुःख मात्र बरोबर समजतं.

आजोबांचा तो अपमान मी कधीच क्षुल्लक मानणार नाही. बेळगावच्या मराठी माणसाला त्याच्या भाषेत कागद मिळायला हवा, हे मी आजही कुणालाही सांगेन. पण ज्याने स्वतः तो कागद हातात धरला आहे, त्याने अज्जीच्या दारात गजर करणं मला जास्त लागतं.

काका इथे अमेरिकेत येऊन चाळीस वर्षं झाली. १९८७ साली जर्सी सिटीत, आपल्या बायकांच्या टिकलीवरून स्वतःला 'डॉटबस्टर्स' म्हणवणाऱ्यांनी वर्तमानपत्राला पत्र पाठवून भारतीयांना शहरातून हुसकावून लावायची धमकी दिली होती. त्याच वर्षी शेजारच्या होबोकनमध्ये नवरोज मोदी नावाच्या तरुणाला टोळक्याने इतकं मारलं की तो गेला. पारशी होता तो. त्या दिवसांत काकू टिकली पुसून बसमध्ये चढायच्या. हे सांगताना काकांचा आवाज अजून कापतो, तू ऐकलं आहेस. म्हणून रविवारी मी त्यांच्याकडे जाणार आहे, एकटी, आणि अज्जीची गोष्ट त्यांना सांगणार आहे. शनिवारीच, तुझ्या मैत्रिणीसमोर बोलायला हवं होतं. ते चुकलं.

मैत्रिणीच्या आईला मी फोन केला आहे, शुक्रवारी त्या दोघी जेवायला येतील. तू एक कर. 'ऊट आतेन' त्यांच्याकडून कन्नड लिपीत लिहून घे. मी ते इतकी वर्षं नुसतं ऐकलं, लिहिलेलं कधी पाहिलं नाही.

तुझी,
आई