पाणी-शंका : गाळ खाली का बसत नाही?

प्रश्न : आमच्या १२० सदनिकांच्या सोसायटीत सांडपाणी शुद्धीकरण प्रकल्प आहे. गेला महिनाभर शेवटच्या टाकीतून पाण्याबरोबर गाळही वाहून येतोय. ठेकेदार म्हणतो, दरमहा बॅक्टेरिया पावडर टाका. ती खरंच लागते का?
— सोसायटी सचिव, पिंपरी

उत्तर : चालू प्रकल्पाला लागत नाही. जिवाणू मैलापाण्यातून रोज फुकट येतात. त्यांना हवा द्यायची आणि खाली बसलेला गाळ परत हवेच्या टाकीत सोडायचा, एवढंच आपलं काम. १९१४ मध्ये मँचेस्टरला आर्डर्न आणि लॉकेट या संशोधकांनी हेच दाखवलं. गाळ फेकून न देता पुढच्या मैलापाण्यात मिसळत गेल्यावर आठवड्यांचं काम तासांवर आलं.

पावडरआधी एक चाचणी करा. ब्लोअर (टाकीत हवा फुंकणारं यंत्र) चालू असताना हवेच्या टाकीतलं १ लिटर पाणी मोजपात्रात घ्या आणि ३० मिनिटं न हलवता ठेवा. गाळ २००-३०० मिलीच्या खुणेवर आला तर ठीक. ७०० वर अडला, तर तेच पाणी निम्मं घेऊन त्यात निम्मं शुद्ध झालेलं पाणी घाला आणि पुन्हा अर्धा तास थांबा. आता २००-२५० पर्यंत उतरला, तर गाळ नुसता जास्त झालाय; रोज थोडा थोडा काढून फिल्टर प्रेसला (गाळ दाबून पाणी काढणाऱ्या यंत्राला) पाठवा. एकदम अर्धी टाकी रिकामी करू नका. पातळ करूनही ५०० च्या वरच राहिला, तर तंतुमय जिवाणू माजलेत. त्यांचे लांब तंतू गाळाच्या कणांना एकमेकांजवळ येऊच देत नाहीत.

हे बहुतेकदा हवा कमी पडल्याने होतं. विरघळलेला ऑक्सिजन लिटरला २ मिलिग्रॅमच्या आसपास हवा. रात्री वीज वाचवायला ब्लोअर बंद ठेवतात का, ते आधी विचारा (उत्तर सहसा सरळ मिळत नाही, मीटर बघा). मग टाकीचा पृष्ठभाग न्याहाळा : एका कोपऱ्यात मोठे बुडबुडे आणि बाकी पाणी स्तब्ध, म्हणजे डिफ्युझर (तळाशी बारीक बुडबुडे सोडणारे भाग) फाटलेत किंवा तुंबलेत.

मोजपात्रात गाळ नीट बसला, पण तासा-दोन तासांनी बुडबुड्यांसकट गोळ्यागोळ्यांनी वर आला, तर दुखणं वेगळं. निवळण टाकीच्या (म्हणजे गाळ बसवायच्या शेवटच्या टाकीच्या) तळाशी गाळ फार वेळ पडून राहतो, तिथला ऑक्सिजन संपतो, जिवाणू नायट्रेट वापरू लागतात आणि सुटलेला नायट्रोजन गाळाला वर उचलतो. परतीच्या गाळाचा पंप जास्त वेळ चालवा.

प्रश्न : फिनेल, ॲसिडने जिवाणू मरतात का?
— एक वाचक, ठाणे

उत्तर : घरोघरच्या रोजच्या वापराने नाही, एवढ्या पाण्यात ते विरळ होतं. पाण्याची टाकी धुतल्यावर ब्लीचिंगचं पाणी एकदम ड्रेनेजला सोडलं, तर मात्र मरतात : पाणी गढूळ होतं, पांढरा फेस चढतो. अशा वेळी जवळच्या चांगल्या चालणाऱ्या प्रकल्पातून टँकरभर ताजा गाळ आणून हवेच्या टाकीत सोडा.